वाहून जाणारें पाणी

प्रवासाला निघालेला मनुष्य घर सोडतो, पण घरच्या संवयी सोडीत नाहीं, ही गोष्ट प्रवासवर्णनें लिहिणारे लेखक वाचकांस सहसा सांगत नाहींत. ते डोंगर पाहतात, दऱ्या पाहतात, सूर्योदय आणि सूर्यास्त तर नेमानें पाहतात. परंतु ज्या डोळ्यांनीं हें सारें पाहिलें ते डोळे कोणत्या गांवचे, हें मात्र गुलदस्तांतच राहतें. आम्हांला तसें करून चालावयाचें नाहीं. आम्ही निलंग्याचे. हें गांव काळ्या मातीचें, तुरीचें, सोयाबीनचें आणि निळकंठेश्वराच्या जुन्या दगडी देवळाचें. विष पिऊन ज्याचा कंठ निळा पडला त्या देवाला अखंड अभिषेक लागतो, आणि त्याच देवाच्या गांवीं पाण्याची वाण! हा योगायोग आमच्या पूर्वजांच्याहि ध्यानीं आला असेल. पण देवाची थट्टा करण्याची त्यांची रीत नव्हती. वर्षांत सात-आठशें मिलिमीटर पाऊस झाला तर आमच्याकडे वर्ष चांगलें म्हणतात, आणि तेवढाहि तो दरसाल पडेलच असा करार त्यानें आमच्याशीं केलेला नाहीं. अशा गांवचा मनुष्य धबधब्यापुढें उभा राहिला म्हणजे त्याला काय दिसतें? सौंदर्य दिसत नाहीं असें नाहीं. पण सौंदर्याच्या आधीं त्याच्या मनांत एक हिशेब उभा राहतो. किती घागरी?

हा हिशेब घेऊनच आम्ही 2018 सालच्या सप्टेंबर अखेरीस आंबोली आणि मालवण पाहून आलों. सहल महाविद्यालयांतील अध्यापकांची होती. गांधी जयंतीच्या सुटीला रजा जोडून चार दिवस साधले, एक मोठी बस ठरविली, आणि बायकामुलें धरून 31 माणसें झालीं. शनिवारीं पहांटे चारला बस उभी राहिली तेव्हां धपाट्यांचे डबे, शेंगदाण्याच्या चटणीचे पुडे आणि मुलांसाठीं चिवडा यांच्याबरोबर वीस-वीस लिटर पाण्याचे सहा जारहि आंत चढले. अति पावसाच्या म्हणून महाराष्ट्रांत जीं थोडीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत त्यांपैकीं एका ठिकाणीं आम्ही निघालों होतों, आणि बरोबर पाणी नेत होतों! बसचा चालक हंसून म्हणाला, "सर, तिकडं पाण्याला काय कमी?" आमच्या खजिनदारांनीं गंभीरपणें उत्तर दिलें, "तिकडं नसेल. तिकडं पोंचेपर्यंतचं काय?" या उत्तरावर आमच्यापैकीं कोणीहि हंसलें नाहीं, यावरूनच आम्ही कोणत्या मुलखाचे तें वाचकांनीं ओळखावें.

बसमधील जागाहि खजिनदारांनींच वांटून दिल्या. बायका बायकांजवळ बसल्या, मुलें मागें धांवलीं, आणि आमच्या शेजारीं आले ते गणिताचे प्राध्यापक. ते आमच्या घराचेहि शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्यें पुरुषभर उंचीची एक भिंत आहे. निलंग्यांत तिच्या दोहों बाजूंस आम्ही सभ्यपणें राहतों. येथें मध्यें भिंत नव्हती, आणि रस्ता तर जवळजवळ पांचशें किलोमीटरांचा होता. खजिनदारांना आमच्यांतलें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, कारण ठाऊक होण्यासारखें बाहेर कांहीं घडलेंच नव्हतें. भांडण झालें नव्हतें, अबोला नव्हता. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होता. दोन वर्षें एकच वस्तु त्या भिंतीच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली नव्हती. ती म्हणजे पाण्याची घागर.

उमरगा मागें पडलें आणि उजाडतां उजाडतां नळदुर्ग आलें. मराठवाड्यांत धबधबे नाहींत असें जे म्हणतात त्यांनीं हा किल्ला पाहिलेला नसतो. आदिलशाहीच्या काळांत येथें बोरी नदीला बांध घालून तिचें पाणी किल्ल्यांत अडविलें, आणि त्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल बांधला. तळें तुडुंब भरलें म्हणजे बांधावरून दोन धारा कोसळूं लागतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. धारा डोक्यावरून पडत असतांना आंत महालांत मनुष्य कोरडा उभा राहूं शकतो. आमच्याकडचा धबधबा हा असा आहे: तो निसर्गानें दिलेला नाहीं, माणसानें पाणी अडवून मिळविलेला आहे. त्या वर्षीं मात्र पाऊस हात राखूनच पडला होता, आणि नर-मादी दोघेंहि गप्प होतीं. आम्ही न थांबतां पुढें गेलों.

सोलापूर गेलें, मंगळवेढें आलें. दुष्काळांत बादशहाची धान्याची कोठारें उपाशी लोकांसाठीं उघडणाऱ्या दामाजीपंतांचें हें गांव. बसमधील बायकांनीं हात जोडले. आम्हींहि जोडले, पण शेजाऱ्यांच्या बाजूला पाहणें त्या वेळीं टाळलें. मिरज आलें तेव्हां दुपार झाली होती. रेल्वेचे रूळ दिसतांच मागून कोणा मुलाचा आवाज आला, "आपली पाण्याची गाडी इथूनच निघाली होती ना?"

होय, येथूनच. 2016 सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणलें गेलें. पहिल्या खेपेस दहा टाक्या होत्या, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर. ती गाडी 12 एप्रिलला लातुरास पोंचली तेव्हां लोकांनीं तिचें स्वागत केलें. वरातीचें करतात तसें. त्याच्या आधींच्या महिन्यांत पाणी भरण्याच्या जागांभोंवतीं जमाव करूं नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना 144 वें कलम लावावें लागलें होतें. कृष्णेचें तें पाणी, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच. जें पाहण्यासाठीं आम्ही इतके हौसेनें चाललों होतों तें दोन वर्षांपूर्वीं लोखंडी टाक्यांत बसून आमच्या जिल्ह्यांत येऊन गेलें होतें. मुलाच्या प्रश्नाला कोणीतरी "हो" म्हटलें, आणि बसमधलें बोलणें एकाएकीं थांबलें. प्रत्येकाला आपआपला 2016 आठवला असावा. शेजारी खिडकीबाहेर पाहूं लागले. आम्ही पायांशीं ठेवलेल्या जाराकडे पाहूं लागलों.

आमचा 2016 असा होता. शेजाऱ्यांची बोअर फेब्रुवारींतच आटली. आमच्या बोअरला दिवसाकाठीं अर्धा तास पाणी येई. रोज सकाळीं दोन घागरी आम्ही त्यांना देत असूं. 'देत असूं' हे शब्द लिहितांनाहि त्यांतला ताठा आम्हांला ऐकूं येतो. पण घडलें तसें सांगावयाचें असल्यामुळें ते तसेच राहूं देतों. मे महिन्यांत अर्ध्या तासाचीं वीस मिनिटें झालीं. त्यांतच एके दिवशीं आमच्याकडे पुण्याचे पाहुणे यावयाचे होते. पाहुण्यांना पाण्याची टंचाई दिसूं नये, ही आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतील एक प्रतिष्ठेची गोष्ट असते. त्या दिवशीं सकाळीं वहिनी घागर घेऊन आल्या तेव्हां आम्हीं दारांतूनच सांगितलें, "वहिनी, मोटार जळाली आहे."

दुपारीं वीज आली, आम्हीं मोटार चालू केली आणि पंख्याखालीं जरा आडवे झालों. टाकी पांचशें लिटरची. आदल्या दोन दिवसांच्या काटकसरीनें ती निम्म्याहून अधिक भरलेली होती, आणि बोअरलाहि त्या दिवशीं काय सुचलें कोण जाणे, ती रोजच्यापेक्षां अधिक चालली. टाकी भरली, वाहूं लागली, आणि वाहून जाणारें पाणी भिंतीवरून पलीकडे, शेजाऱ्यांच्या अंगणांत पडूं लागलें. थोड्या वेळानें दारावर थाप पडली. शेजारी उभे होते. ते एवढेंच म्हणाले, "सर, टाकी भरून वाहते आहे. मोटार बंद करा."

'मोटार' हा शब्द त्यांनीं कसलाहि जोर न देतां उच्चारला. गणिताच्या माणसानें फळ्यावर शून्य काढावें, तसा. दुसऱ्या दिवसापासून घागर आली नाहीं. त्यांनीं टँकरचें पाणी विकत घेतलें, लांबून सायकलीवर कॅन आणले, पण आमचें दार पुन्हा वाजविलें नाहीं. त्या दुपारीं वाया गेलेलें पाणी चार-पांच घागरी तरी असेल. आम्हीं नाकारलेल्या घागरी दोन होत्या.

असो. आजऱ्याच्या बाजूनें आम्ही आंबोलीला चढलों तेव्हां दिवस मावळला होता आणि धुकें इतकें दाट होतें कीं, चालकाला पुढच्या मोटारीचे दिवेच तेवढे दिसत. उतारगृहांत नळाला चोवीस तास पाणी होतें. या सुखाचा परिणाम आमच्या मंडळींवर फार गमतीचा झाला. प्रत्येक खोलींतून थोड्या थोड्या वेळानें एकच आरोळी उठे, "अरे, नळ बंद कर!" आणि ज्याला उद्देशून ती असे त्याचा नळ बहुधा बंदच असे. आमच्या सौभाग्यवतींनीं स्नानगृहांत जाऊन पाहिलें तों बादली अर्धीच भरलेली. "भरून घ्यायची होती कीं," त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालों, "पुरली." बाहेर छपरावर पाऊस वाजत होता. या एका गांवावर वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या चांगल्या वर्षांच्या नऊ-दहा पट. आणि त्याच्या मध्यभागीं बसून आम्ही अर्ध्या बादलीनें स्नान केलें होतें.

दुसरा दिवस 30 सप्टेंबर होता. ही पहांट आमच्या भागांतले आमच्या वयाचे लोक झोंपून काढीत नाहींत. 1993 सालीं त्याच दिवशीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली आणि त्या परिसरांतील गांवेंच्या गांवें दगडामातीच्या ढिगांखालीं गेलीं. त्याला त्या पहांटे पंचवीस वर्षें होत होतीं. आम्ही चारच्या आधींच जागे झालों आणि हळूच व्हरांड्यांत आलों. तेथें एका वेताच्या खुर्चींत शेजारी आधींच येऊन बसले होते. आम्हांला आश्चर्य वाटलें नाहीं. त्यांनाहि वाटलें नसावें.

1993 सालीं आम्ही दोघे नुकते नोकरीस लागलों होतों, आणि एकाच वाड्यांत भाड्यानें राहत होतों. त्या पहांटे वाड्याची मागची भिंत चिरली, आणि सारीं बिऱ्हाडें समोरच्या मोकळ्या मैदानांत आलीं. पुढें कित्येक रात्री तेथेंच निघाल्या. वरून पाऊस, खालून धक्के. एका सतरंजीवर तीन कुटुंबांचीं मुलें, एका चुलीवर सर्वांचा चहा, आणि मध्यें झाकण घातलेली पिण्याच्या पाण्याची एक घागर. आम्ही दोघे दिवसभर पडलेल्या गांवांत मदतीला जात असूं आणि रात्रीं येऊन त्याच घागरींतलें पाणी पीत असूं.

बराच वेळ आम्ही पावसाचा आवाज ऐकत बसलों. मग शेजारी म्हणाले, "मैदानातली ती घागर कोणाची होती, आठवतं?"

आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. "नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि उठून आंत गेले.

यांत टोमणा होता काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. त्यांचा तो स्वभाव नव्हे. पण त्या व्हरांड्यांत उजाडेपर्यंत आम्ही एकच विचार करीत राहिलों. ज्यांनीं सतरंजी, चूल आणि घागर कोणाची हें विचारलेंहि नव्हतें, तींच माणसें तेवीस वर्षांनीं दोन घागरींसाठीं खोटें कसें बोललीं? माणसें बदललीं असें म्हणून सुटतां येत नाहीं. आम्हांला वाटतें, संकटासंकटांत फरक असतो. भूकंप एका क्षणांत सर्वांना सारखें उघड्यावर आणतो. त्या क्षणीं राखून ठेवण्यासारखें कोणाजवळ कांहीं उरत नाहीं, म्हणून मनुष्य उदार होतो. दुष्काळ तसा येत नाहीं. तो एकेका घराला वेगवेगळ्या दिवशीं गांठतो. एकाची बोअर फेब्रुवारींत आटते, दुसऱ्याची एप्रिलांत. आणि ज्याची पाळी उद्यांची असते तो आज दार लावून घेतो. भूकंपांत घरें पडलीं. दुष्काळांत भिंती उंच झाल्या. भूकंपाची नोंद वेधशाळेंत होते, दुसऱ्याची होत नाहीं, एवढाच काय तो भेद!

सकाळीं पावसानें उघडीप दिली, आणि आम्ही प्रथम हिरण्यकेशीचा उगम पाहिला. दाट झाडींत एक शंकराचें लहानसें देऊळ, मागें कपार, आणि त्या कपारींतून निघणारें थंडगार, निर्मळ पाणी. येथें आम्हीं सर्वांसमोर थोडें प्रवचन केलें. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. पण सहलींत प्रत्येक अध्यापक सर्व विषयांचा असतो. आम्हीं सांगितलें कीं, समुद्र येथून इतका जवळ असूनहि ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा सारें दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. उलट घाटाच्या तोंडाशीं जो मोठा धबधबा आहे त्याचें पाणी पश्चिमेला उतरतें आणि लवकरच अरबी समुद्रांत जातें. एकाच ढगाचे दोन थेंब थोड्या अंतरावर पडले, तर एकाला पश्चिम समुद्र मिळतो आणि दुसऱ्याला पूर्वसमुद्र.

"आणि आपल्या निलंग्याचं पाणी?" एका मुलीनें विचारलें.

"तेहि पूर्वेलाच जातं. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. गोदावरीचं आणि कृष्णेचं मुख आंध्राच्या किनाऱ्यावर शेजारींशेजारीं आहे."

शेजारी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे दोन घरांच्या पागोळ्या शेवटी एकाच अंगणात पडतात म्हणायच्या." सर्व हंसले. आम्हींहि हंसण्याचा प्रयत्न केला.

मग आम्ही त्या मोठ्या धबधब्याकडे उतरलों. त्याचें वर्णन आम्ही करणार नाहीं. रविवार असल्यामुळें गर्दी फार होती, कणसें भाजण्याचा वास होता, आणि सर्वांच्या वर तो आवाज होता. उंच कातळावरून पाणी कोसळत होतें, फुटत होतें, पायऱ्यांवरून धांवत होतें, रस्त्याखालून पलीकडच्या दरींत नाहींसें होत होतें. आमचीं मुलें क्षणांत चिंब झालीं. खजिनदार, ज्यांनीं सहा जार बरोबर घेतले होते, ते धोतर सांवरून धारेखालीं उभे राहिले आणि लहान मुलासारखे ओरडूं लागले. आम्हींहि चष्मा खिशांत घातला आणि पुढें झालों. मनांत हिशेब सुरू झाला होताच: ही धार, एवढी रुंदी, एका मिनिटांत इतक्या घागरी, एका तासांत एवढे टँकर, एका दिवसांत... पण हिशेब पुरा होईना. डोक्यावर पाणी पडत असतांना आंकडे ठरत नाहींत. आणि मग आंकड्यांच्या जागीं एक जुनाच आवाज ऐकूं येऊं लागला. कांठावरून वाहणाऱ्या टाकीचा.

शेजारी आमच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मनांत आलें, आतां बोलावें. यापेक्षां चांगली वेळ कोणती? आम्हीं त्यांच्याकडे तोंड करून म्हटलें, "सर, त्या दिवशी आम्ही तुमच्याशी खोटं बोललों."

त्या गर्जनेंत त्यांना कांहीं ऐकूं गेलें नाहीं. त्यांनीं कान पुढें केला. "काय म्हणालात?"

"काही नाही," आम्ही ओरडलों, "पाणी फार गार आहे."

त्यांनीं मान डोलविली.

त्या वेळीं आम्हीं स्वतःला भित्रा म्हटलें, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण पुढें घाट उतरून मालवणच्या वाटेला लागल्यावर, ओले कपडे वाळत असतांना, आम्हांला दुसरीहि एक बाजू दिसूं लागली. डोक्यावर नदी कोसळत असतांना दोन घागरींबद्दल क्षमा मागणें यांत कसला पराक्रम होता? सुकाळांत मागितलेली क्षमा फार स्वस्त असते. ज्या अंगणांत, ज्या महिन्यांत आणि ज्या दरानें आम्ही ती घागर नाकारली, त्याच अंगणांत, त्याच महिन्यांत आणि त्याच दरानें तिची फेड व्हावयास पाहिजे होती.

मालवणास समुद्र दिसला तेव्हां बसमधील निम्मीं माणसें उभीं राहिलीं. आमच्यांतील तीन वयस्क बायका समुद्र प्रथमच पाहत होत्या. त्यांपैकीं एकींनीं ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलें आणि थुंकून टाकलें. "एवढं सगळं, आणि खारट!" त्यांच्या या उद्गारांत जी फसवणूक झाल्याची भावना होती ती आम्हांला फार जवळची वाटली. समुद्राच्या मध्यभागीं तहानेनें व्याकुळ झालेल्या खलाशाची कोलरिजची कविता आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली आहे. 1798 सालची ती कविता निलंग्याच्या मुलांना समजावून सांगण्यास आम्हांला कधीं फारसा त्रास पडला नाहीं. समुद्र त्यांनीं पाहिलेला नसे. तहान पाहिलेली असे.

दुसऱ्या दिवशीं होडींतून सिंधुदुर्गास गेलों. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं 25 नोव्हेंबर 1664 रोजीं या किल्ल्याचा पाया घातला. तट पाहिला, राजाराम महाराजांनीं बांधविलेलें महाराजांचें देऊळ पाहिलें, चुन्यांत उमटलेला त्यांच्या हाताचा ठसा पाहिला. पण आमची सर्व मंडळी ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक वेळ थांबली तीं ठिकाणें म्हणजे तीन विहिरी. त्यांचीं नांवेंच पाहा: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चहूंकडे खारा समुद्र, आणि मध्यें गोडें पाणी. ज्यानें तें नांव 'साखरबाव' ठेवलें त्याला पाण्याची किंमत ठाऊक होती. बेटांवरच्या अशा विहिरींविषयीं शास्त्रज्ञ सांगतात कीं, पावसाचें पाणी बेटाच्या पोटांत मुरतें, आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर थरासारखें राहतें. बेतानें उपसलें तर तें गोडें राहतें. हांवेनें उपसलें तर खालचें खारें वर येतें. गणिताच्या प्राध्यापकांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनीं आमच्याकडून ती दोनदां ऐकून घेतली.

त्या रात्रीं ज्यांच्या घरीं जेवणाची सोय होती त्या बाईंनीं आम्हांला सोलकढी आग्रहानें वाढली. जेवतांना आमच्यापैकीं कोणीतरी म्हणालें, "तुमचं बरं आहे बाई. पाण्याची ददात नाही." त्या वाढतां वाढतां थांबल्या आणि हंसल्या. म्हणाल्या, "पाऊस आमचो, पाणी दर्याचा. मे म्हयन्यात येवा, मगे कळतला." मग त्यांनीं सांगितलें कीं, चार महिने छप्पर फुटेल असा पाऊस पडतो, पण उताराची जमीन आणि जांभा दगड, सारें धांवत समुद्राला जातें. त्यांच्या माहेरच्या वाडींत वैशाखांत विहीर तळाला जाते, आणि बायका हंडे घेऊन घाटी उतरतात. आमच्या पानांतला भात तसाच राहिला. आमच्या कितीतरी पट पाऊस, आणि डोक्यावर हंडा तोच! पाणी ज्याच्यावर पडतें त्याचें तें नसतें. ज्यानें धरून ठेवलें त्याचें असतें, असें आम्ही मनांत म्हणालों. आणि लगेच आठवलें कीं, धरून तर आम्हींहि ठेवलें होतें. पांचशें लिटरच्या टाकींत. तेव्हां तेवढ्यानेंहि भागत नाहीं.

परतीच्या प्रवासांत फारसें कांहीं घडलें नाहीं. मुलें झोंपलीं, भेंड्या रंगल्या नाहींत. जारांपैकीं दोन जार भरलेलेच परत आले, आणि बस निलंग्यांत शिरल्यावर खजिनदारांनीं ते रिकामे करूं दिले नाहींत. समोरच्या चौकांतील चहावाल्याला देऊन टाकले.

2019 चा उन्हाळा आला. आमच्या बोअरला दिवसाआड अर्धा तास पाणी येऊं लागलें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीं नळ जोडणाऱ्या माणसास बोलावून टाकीपासून एक पाइप खालीं आणला, भिंतीला भोंक पाडलें, आणि पलीकडच्या बाजूला, जेथें त्या दुपारीं पाणी पडलें होतें तेथेंच, एक नळ बसविला. त्याचें तोंड शेजाऱ्यांच्या अंगणांत. त्यांची परवानगी विचारण्यास गेलों तेव्हां ते वृत्तपत्र वाचीत होते. आम्हीं सांगावयाचें तें सारें सांगितलें, मोटारीचेंहि सांगितलें. त्यांनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां घातला. "भिंतीला ओल येईल," एवढेंच ते म्हणाले. हा होकार कीं नकार, तें आम्हांला कळलें नाहीं. सौभाग्यवतींना विचारलें तर त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी सुचलं तुम्हांला. त्यांना दोन दिवस तरी लागू द्या."

दोन दिवस गेले, आठ दिवस गेले. नळ कोणी उघडल्याचें दिसलें नाहीं. स्वस्तांतला होता, म्हणून लवकरच थेंब थेंब गळूं लागला. रात्रीच्या शांततेंत भिंतीपलीकडून तो आवाज येई, आणि अशा दिवसांत थेंब वाया जातो म्हणून जीव तुटे. पण परक्याच्या अंगणांत जाऊन दुरुस्ती तरी कशी करावी? नळवाल्याला निरोप पाठविला. तो आज येतों, उद्यां येतों करीत राहिला. एके दिवशीं पहांटे जाग आली तेव्हां आवाज थांबलेला होता. उजाडल्यावर आम्हीं खुर्चीवर उभें राहून भिंतीवरून वांकून पाहिलें. नळाला कोणीतरी नवा वायसर घातला होता. खालीं एक सपाट दगड नीट बसविला होता, आणि त्या दगडावर घागरीच्या बुडाचें ओलें वर्तुळ उमटलें होतें.